भाऊजींचा घास

"सुर्वेताई, खरं सांगा, तुमच्या घरात कोण आहे?"

दारात आमच्या सोसायटीचे चेअरमन बाजीराव मुळीक उभे होते. तोंडाला एकावर एक दोन मास्क, हातात रबरी मोजे, आणि माझ्यापासून अंतर राहावं म्हणून जिन्याच्या पायऱ्या उतरून खाली थांबलेले. त्यामुळे चेअरमन असूनही मान वर करून बोलावं लागत होतं. मला तेवढंच बरं वाटलं. मी म्हटलं, कोण असणार? मी आहे, आणि भिंतीवर आमचे हे आहेत, हार घातलेले.

"मग रोज दुपारी ते 'या भाऊजी, बसा भाऊजी, आज उशीर केलात' कुणाशी चालतं? दुसऱ्या मजल्यावर आम्हाला स्पष्ट ऐकू येतं. बाहेरगावचं कुणी आलं असेल तर मला कळवावं लागेल, ताई. नियम सगळ्यांना सारखा."

मला हसू आवरेना. तेवढ्यात आतून 'काव' झालं. आमचं घर आगगाडीच्या डब्यासारखं सरळ, दारातून पार मागच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. त्या खिडकीत भाऊजी बसले होते. मान तिरकी करून ते मुळीकसाहेबांकडे बघत होते आणि मुळीकसाहेब त्यांच्याकडे.

आता ह्या नावाचं सांगते. माझे खरेखुरे धाकटे दीर आयुष्यभर असेच वागले. पान वाढलं की हजर, ताट उचललं की गायब, आणि वर निघताना आवाज मोठा. म्हणून लॉकडाउनच्या सुरुवातीला हा कावळा रोज जेवणाच्या वेळेला यायला लागला, तेव्हा मला दुसरं नाव सुचलंच नाही.

मुळीकसाहेबांनी ते ऐकून घेतलं. हसले की नाही, मास्कमुळे कळलं नाही. मग खिशातून पेन काढून त्यांनी रोजचे प्रश्न सुरू केले. प्रत्येक घरी जाऊन ते विचारायचे, ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. वास जाणं म्हणजे करोनाची खूण, हे तेव्हा लहान पोरालाही ठाऊक झालं होतं. आणि नेमकी त्या वेळी माझ्या तव्यावर सुकट भाजत होती. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तिचा वास काय असतो हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून समजायचं नाही. मुळीकसाहेब माळकरी. बारा वर्षांपूर्वी गळ्यात तुळशीची माळ घातली तेव्हापासून त्यांच्या घरात मासळी-मटण तर सोडाच, कांदा-लसूणही शिरला नव्हता.

"वास येतो ना व्यवस्थित?" त्यांनी विचारलं.

"येतो की," मी म्हटलं. आणि तोंडातून निघून गेलं, "तुम्हाला?"

त्यांनी पेन खिशात ठेवलं.

"मला नाही बुवा कशाचा येत," असं म्हणून ते जिना उतरून गेले.

मी दार लावलं आणि आधी सुटकेचा श्वास सोडला. मग एकदम डोक्यात आलं. एवढा दरवळ सुटलाय, आणि या माणसाला वास येत नाही? म्हणजे चेअरमनलाच झाला की काय? मी घाईघाईनं त्यांच्या घरी फोन लावला आणि कमलवहिनींना म्हटलं, कारण विचारू नका, पण साहेबांना कापूर हुंगवून बघा. वहिनींनी हुंगवला. वास आला, एवढंच नाही, तर कापूर जुना झालाय अशी तक्रारही साहेबांनी केली म्हणे. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की माळ घातली की देव तेवढा एक वास बंद करत असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नोटीस लागली. 'सोसायटीच्या मागील बाजूच्या गॅलऱ्यांतून कावळ्यांना खाद्य घालू नये. आदेशावरून.' नुसती नोटीस लावून थांबले नाहीत, तर मागच्या बाजूला आणि वर गच्चीत त्यांनी जुन्या सीडी दोऱ्यांना बांधून टांगल्या. त्या उन्हात लखलख करत फिरायच्या आणि कावळे बिचकायचे.

मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही.

तुम्ही म्हणाल, एका कावळ्यासाठी एवढं? तर मग त्या दिवसांत मी कशी राहत होते ते ऐका.

मी मूळची हर्णैची. लग्न होऊन कराडला आले, आणि तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. बारा मशीनं एकदम खडखडायची आणि त्यांच्यावर माझा आवाज. हे गेले, क्लास बंद केला, माझी लेक मीनल लग्न होऊन मस्कतला गेली, तरी खाली बाजारपेठ होती, भाजीवाल्या होत्या, भिशीच्या बायका होत्या. भांडायला माणसं कमी नव्हती. आणि एका रात्रीत सगळं चिडीचूप झालं. पहिले काही दिवस मजेत गेले. डबे घासले, पंखे पुसले, माळ्यावरचं सगळं खाली काढलं आणि परत वर ठेवलं. दुधाची पिशवी साबणानं धुतली, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवली, एकदा तर लिंबंसुद्धा डेटॉलनं पुसली आणि नंतर त्यांचं सरबत पिववेना. एका माणसाची आमटी कधी करून बघितलीत? होतच नाही. कितीही कमी डाळ घ्या, ती दोन दिवस पुरते आणि तिसऱ्या दिवशी तोंड वाकडं करत संपवावी लागते.

पण खरं सांगते, भीती वाटायची. करोनाची तर वाटायचीच. पण मी इथं रात्रीत गेले तर कुणाला कळणार कसं, ही भीती त्याहून मोठी होती. मी झोपताना दाराचा वरचा बोल्ट लावायचं सोडून दिलं, म्हणजे दार फोडायला नको. अंगावर चांगला गाऊन घालायची, म्हणजे उचलायला येतील त्यांच्यासमोर लाज नको. मीनल सकाळ-संध्याकाळ फोन करायची, पण तिला हे कसं सांगणार? तिला म्हणायचे, मस्त चाललंय. आणि फोन ठेवला की घरात परत कुणाचाच आवाज नसायचा. तोंड उघडायला कारण पाहिजे म्हणून मी भाऊजींशी बोलायला लागले. ते निदान मान तरी हलवायचे.

आणि मग भेटल्या गजराआक्का.

ह्या मुळीकसाहेबांच्या आई. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, हाडापेरानं काटक, कान तेवढे जरा जड. त्यांची खोली बरोब्बर माझ्या स्वयंपाकघराच्या खाली. पासष्टीच्या वरच्यांनी बाहेर पडायचं नाही असा नियम निघाला, आणि मुळीकसाहेबांनी तो आईच्या बाबतीत इतका मनावर घेतला की आक्कांना पुढच्या खोलीतसुद्धा येऊ देईनात. जेवणाचं ताट खोलीच्या दारात ठेवायचं आणि लांबून विचारपूस करायची. त्यांचं सगळं जग म्हणजे एक पलंग आणि मागची हातभर गॅलरी.

एके दुपारी मी माहेरून आलेल्या सुकटीचा डबा उघडला आणि मूठभर भाजायला घेतली. खालून हाक आली.

"कोन भाजतंय गं सुकाट?"

मी गॅलरीतून वाकून बघितलं, तर आक्का मान वर करून डोळे मिटून नाकानं वास ओढत होत्या. म्हणाल्या, बारा वर्षांत हा वास नाकाला शिवला नाही. मी म्हटलं, आक्का, तुमच्याकडे तर माळ आहे.

"माळ बाजीच्या गळ्यात हाय, माज्या न्हाई," त्या म्हणाल्या. "पर चूल त्येची."

मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली, तिला कापडी पिशवी बांधली, वाटीभर सुकट आणि भाकरीचा तुकडा तिच्यात ठेवला आणि ती खाली सोडली. आक्कांनी गॅलरीतच बसून खाल्लं. कवळी काढून ठेवली, हिरड्यांनी चघळत चघळत खाल्लं, आणि डोळ्यांतून पाणी काढलं. तिखटानं आलं म्हणाल्या.

त्यानंतर आमचा रोजचा परिपाठ सुरू झाला. दुपारी मुळीकसाहेब आणि वहिनी टीव्हीसमोर बसले की आक्का गॅलरीच्या गजावर चमचा वाजवायच्या आणि मी पिशवी सोडायची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निरोप दिला की तोंडाला वास मारतो, तेव्हा बडीशेपही पाठव. तिसऱ्या दिवशी मला शपथ घातली.

"नलू, माज्या बाजीला ह्यातलं काय कळू द्यायचं न्हाई. लई मनाला लावून घ्यायचा त्यो. मी असू दे न्हाईतर नसू दे, तुज्या तोंडातनं ह्ये निघायचं न्हाई."

मी गॅलरीचा कठडा धरून शपथ घेतली. आक्का सुकट खाऊन पिशवी रिकामी कधी परत पाठवायच्या नाहीत. त्यांच्या हातच्या कापसाच्या वाती त्यात असायच्या, एकसारख्या वळलेल्या. माझ्या देव्हाऱ्यात वातींचा ढीग झाला. मी देवाला दिवा लावताना म्हणायची, बाबा रे, ह्या वाती सुकटीच्या बदल्यातल्या आहेत, तेवढं सांभाळून घे.

ह्यात अडचण एकच होती, ती म्हणजे भाऊजी. त्यांना सुकटीची चटक माझ्यामुळेच लागलेली. पिशवी मध्यावर पोचली की ते तिच्यावर झडप घालायचे, चोच आत घालून तोंडभर न्यायचे. पिशवी हेलकावे खायची आणि खाली आक्का हात उंच करून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मला म्हणायच्या, तुझा दीर माझ्या ताटात हात घालतोय, त्याला आवर. कधी कधी अर्धीच सुकट आक्कांच्या हाती लागायची. मी वरून हसून हसून बेजार व्हायची. लग्नाच्या पंगतीत हसले नसेन एवढी मी त्या महिन्यात हसले.

म्हणून नोटीस लागली तेव्हा मी खवळले. फोन करून मुळीकसाहेबांना म्हटलं, एका कावळ्यानं तुमचं काय घोडं मारलं? ते म्हणाले, घाण होते. मी म्हटलं, घाण पुढच्या बाजूला कबुतरं जास्त करतात, त्यांना सीडी का नाही? ते म्हणाले, ताई, मागच्या बाजूपुरतं ऐका, आणि फोन ठेवला. आक्कांना सांगितलं तर त्या मात्र खूश. म्हणाल्या, जाऊ दे गं, आता पिशवी तरी भरल्यापोटी खाली येती. मग मी भाऊजींचं पान खिडकीच्या आत, ओट्यावर मांडायला लागले. नोटिशीत गॅलरी म्हटलं होतं, ओटा नाही. भाऊजी सीडींना वळसा घालून पुढच्या खिडकीतून आत शिरायचे आणि ओट्यापर्यंत यायचे.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी मी सुकट भाजून तयार ठेवली आणि चमच्याची वाट बघत बसले. चमचा वाजला नाही. मला वाटलं, झोपल्या असतील. पिशवी हातात घेऊन गॅलरीत उभी राहिले तर खालून कमलवहिनींचा रडण्याचा आवाज आला.

आक्का झोपेतच गेल्या होत्या. करोना वगैरे काही नाही, वय झालेलं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं म्हणून घरच्या माणसांना निदान हात तरी लावता आला. खांदेकरी जेमतेम जमले. मी वरच्या गॅलरीतून बघितलं. खाली जायला परवानगी नव्हती, आणि असती तरी मी काय नात्याची? आदल्या दिवशी आलेल्या वाती तशाच पिशवीत होत्या. त्या काढून घ्यायचा मला धीर झाला नाही. मी पिशवी खुंटीला टांगली आणि पदर तोंडात कोंबून रडले.

दहाव्याला नदीच्या घाटावर माणसं जमू देत नव्हते. म्हणून विधी आमच्याच गच्चीत करायचा ठरला, गुरुजी मोबाइलवरून मंत्र सांगणार. मी घरातूनच कानोसा घेत होते. सकाळ सरली, ऊन तापलं. आणि दारावर टकटक झाली.

मुळीकसाहेब पायऱ्यांवर उभे होते. डोकं भादरलेलं, ओलं धोतर, मास्क हनुवटीवर. दहा दिवसांत माणूस निम्मा झाला होता. त्यांच्या हातात सीडींचा जुडगा होता, स्वतःच्या हातानं सोडवून आणलेला.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या भाऊजींना बोलवा."

दुसरी वेळ असती तर मी चांगले चार शब्द ऐकवले असते. पण त्यांचा चेहरा बघून मी नुसती चप्पल घातली आणि वर गेले.

गच्चीत केळीच्या पानावर पिंड मांडले होते आणि शेजारी आक्कांच्या आवडीचं म्हणून वाढलेलं पान होतं. गोड शिरा, पुरणाची पोळी, भोपळ्याची भाजी, दहीभात. बाजूला उदबत्त्यांचा पुडका जळत होता. कमलवहिनी भिंतीच्या सावलीत डोळे पुसत होत्या. तुळशीच्या कुंडीला टेकवलेल्या मोबाइलमधून गुरुजी घामाघूम होऊन बघत होते. सकाळपासून एक कावळा फिरकला नव्हता. फिरकणार कसा? महिनाभर आम्ही त्यांना हाकलतच होतो.

मी कठड्याशी गेले आणि हाक मारली, "या भाऊजी." मला स्वतःलाच कसंतरी वाटलं. पण भाऊजी आले. पाण्याच्या टाकीवर बसले, पानाकडे बघितलं, मान इकडे केली, तिकडे केली. खाली उतरले, पानाभोवती एक फेरी मारली, शिरा बघितला, पोळी बघितली, आणि उडून परत टाकीवर जाऊन बसले.

कावळा आला आणि शिवला नाही, हे न येण्याहून वाईट. जाणाऱ्याचं काहीतरी मागं राहिलं असेल, कशात तरी जीव अडकला असेल, तर कावळा शिवत नाही, आणि त्याच्या मनातलं ओळखून शब्द दिला की शिवतो, असं आमच्याकडे मानतात. मग मुळीकसाहेबांनी शब्द द्यायला सुरुवात केली. आई, धाकट्या बहिणीला तुझ्या पाटल्या देतो. भाऊजी ढिम्म. आई, गावाकडचं घर पाडणार नाही. भाऊजींनी चोच टाकीवर घासली. आई, नातीला पुढं शिकवतो, कमलला बोलणार नाही, रागावणार नाही. भाऊजींनी पाठ फिरवली. मोबाइलमधून गुरुजी म्हणाले की दर्भाचा कावळा करून लावून टाका, तेही शास्त्रात चालतं, मला पुढंही अजून कामं आहेत.

मुळीकसाहेब तिथंच उन्हात फतकल मारून बसले. म्हणाले, आईला मी गवताचा कावळा लावणार नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ताई, शेवटी शेवटी आई तुमच्याशीच बोलायची. तिचं काही राहिलं होतं का? काही म्हणाली होती का तुम्हाला?"

मला काय राहिलं होतं ते पक्कं ठाऊक होतं. पानावर सगळं होतं, फक्त तेवढंच नव्हतं. आणि भाऊजींनाही ते ठाऊक होतं. पण मी कठडा धरून शपथ घेतली होती, आणि ती 'मी असू दे न्हाईतर नसू दे' अशी होती. माळकरी मुलाला, त्याच्या आईच्या दहाव्याला, तोंडावर सांगू की तुझी आई बारा वर्षं सुकटीसाठी झुरली? हा माणूस जन्मभर ते उरात घेऊन बसला असता. न सांगू, तर तो असाच आईचा जीव अडकला म्हणून जन्मभर रडत बसणार. माझा जीव कातरीत सापडला.

"नाही हो," मी म्हटलं. "तसं काही म्हणाल्या नाहीत. पण हा मेला लाडावलेला आहे. माझ्या वाटीशिवाय खात नाही. मी ती वाटी आणते."

मी जिना कसा उतरले ते माझं मला माहीत. गुडघे दुखतात हे त्या दिवशी विसरले. डब्यातून चिमूटभर सुकट काढली, तव्यावर नुसती फिरवली, वाटीत घातली आणि तिच्यावर दहीभात थापला. त्यावर तुळशीचं पान ठेवलं. ते आक्कांसाठी होतं की वास झाकायला, आता सांगता येत नाही.

वर जाऊन मी वाटी पानाच्या कडेला ठेवली. वारा मुळीकसाहेबांच्या बाजूला वाहत होता, म्हणून उदबत्तीचा पुडका मी जरा सरकवून मध्ये घेतला. मुळीकसाहेब हात जोडून बसले होते. पापण्या मिटलेल्या. त्यांनी शेवटचा शब्द दिला.

"आई, सुर्वेताई वर एकट्या असतात. त्यांना मी एकटं पडू देणार नाही. तू काळजी करू नकोस."

भाऊजींनी टाकीवरून सूर मारला. थेट वाटीवर. भात पंखानं उधळला, तुळशीचं पान उडवलं, आणि चोच भरून घेतली. वाटी कलंडून त्यातला भात पिंडावर सांडला, तिथंही चोच मारली. मोबाइलमधून गुरुजी म्हणाले, शिवला, शिवला, नमस्कार करा. कमलवहिनी हुंदके देऊन रडायला लागल्या. मुळीकसाहेबांनी पानासमोर डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही. मी सांडलेला भात पटापट वाटीत गोळा केला, कारण त्यातून दोन-चार लालसर तुकडे दिसायला लागले होते.

त्या दिवसापासून माझी शिक्षा सुरू झाली. कावळ्यानं ऐकलेला शब्द म्हणजे मोडायची सोय नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन वेळा मुळीकांचा डबा माझ्या दारात. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नावाला. दोडका, दुधी, पडवळ, आणि एकादशीला वरी. मी हर्णैची बाई, पण काय करणार? डबा घेऊन मुळीकसाहेब स्वतः यायचे, पायऱ्यांवर उभे राहून गोळ्या घेतल्या का विचारायचे. मी रात्री दाराला बोल्ट लावायला लागले, कारण सकाळी दार उघडलं नाही तर फोडायला माणूस होता. नोटीसही त्यांनी गुपचूप काढली. भाऊजी परत मागच्या बाजूनं यायला लागले.

वर्ष गेलं. परत लाट आली, परत सगळं बंद झालं. आक्कांचं वर्षश्राद्ध आलं आणि परत गच्चीतच करायचं ठरलं. सकाळी दार वाजलं. मुळीकसाहेब एकटेच होते. हातात एक वाटी, तिच्यात दहीभात. मी म्हटलं, थांबा, भाऊजींची वाटी देते. ते म्हणाले, वाटी नको.

"मागच्या वेळी भाताखाली घातलं होतंत ना," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तेवढं घाला. आईला आवडायचं."

मी दाराची चौकट धरली. काय सांगावं, कुठून सांगावं? शेवटी म्हटलं, तुम्हाला कधी कळलं?

ते पायरीवरच टेकले. म्हणाले, आईच्या खोलीत बडीशेपीचा वास यायला लागला तेव्हाच. आईला बडीशेप जन्मात आवडली नव्हती. मग एके दुपारी ते दाराशी आले तर फटीतून आई दिसली. कवळी बाजूला ठेवून, पाय पसरून खात होती. बऱ्याच दिवसांनी तिला पोटभर जेवताना बघत होतो, म्हणाले.

"मी आत गेलो असतो तर तिनं परत त्याला हात लावला नसता, ताई. म्हणून रोज त्या वेळी मी टीव्हीचा आवाज वाढवून बसायचो. पण तो मेला कावळा. अर्धं तो पळवायचा आणि तिला नुसती भाकरी राहायची. ती रडकुंडीला यायची. मी काय करणार? चेअरमन म्हणून नोटीस लावली, सीडी टांगल्या. तुम्ही माझ्यावर किती चिडला होतात."

मी आत गेले. डबा उघडला, तवा तापवला. ह्या वेळी चिमूटभर नाही, चांगली मूठभर घेतली आणि खरपूस होईपर्यंत भाजली. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, वास पार जिन्यात गेला असणार. डोळ्यांना पदर लावत मी वाटी घेऊन दारात आले. मुळीकसाहेब पायरीवर बसूनच होते, मास्क खाली ओढून.

"वास येतो का?" मी विचारलं.

"येतो ना," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून येतोय."